धाकटीचं मेण आणि मावशींचा काटा

"ऐकलंत का मावशी? पलीकडच्या धाकटीच्या मेणबत्त्यांना घाम फुटलाय!"

वईपलीकडे मावशींची कातर थांबली. जास्वंदीची छाटणी चालली होती, ती तशीच राहिली. आमच्या वसईत बातमी आधी वईवरून जाते, मोबाइलवर नंतर. आणि मावशींना बातमी सांगायची तर पूर्ण सांगावी लागते, अर्धवट सांगितली तर त्या कातर खाली ठेवत नाहीत.

"मेणबत्तीला घाम? काय सांगता बाई!"

"खोटं कशाला सांगू? काल डोळ्यांनी बघून आले. साठ जारांची ऑर्डर आहे तिला, कुणाच्यातरी साखरपुड्याला पाहुण्यांच्या हातात द्यायला. नमुन्याच्या म्हणून थोड्या केल्या. त्यातल्या काहींच्या डोक्यावर तेलाचे थेंब. काही पेटवल्या की फडफडतात आणि विझतात. आणि एक मात्र अशी झकास जळते, की तिच्यासारख्या बाकीच्या का नाहीत म्हणून पोरगी रडकुंडीला आलीय."

"वास किती घातला तिनं?"

"चमच्यानं घातला."

"आणि मेण?"

"वाटीनं घेतलं."

मावशींनी कातर खाली ठेवली.

आता नव्या वाचकांना सांगायला हवं, की मावशींची उभी हयात औषधाच्या कारखान्यात, वजनखात्यात गेली. तिथं एकीनं तोलायचं, दुसरीनं तपासायचं, मग दोघींनी कागदावर सही करायची. तेव्हापासून चमचा या वस्तूवर त्यांचा विश्वासच नाही. घरी पावाची कणीकसुद्धा तोलून घेतात. माझं निम्मं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे आमचं जमतं.

"हाक मारा तिला," मावशी म्हणाल्या, आणि काटा आणायला आत गेल्या.

धाकटी आली ती हातात कागद घेऊनच. मैत्रिणीकडून उतरवून घेतलेली कृती होती: चार वाट्या मेण, आठ चमचे सुगंध. त्याखाली तिच्या अक्षरात, "वास येत नाही, अजून दोन चमचे". मी मावशींकडे बघितलं, मावशींनी आभाळाकडे.

"अगं, वाटी कसली? वितळलेल्या मेणाची, तुकड्यांची, का त्या पापुद्र्यांची?"

"फ्लेक्सची, मावशी. सोया वॅक्स तसंच मिळतं ना पिशवीत. आधीचा थोडा लादीचा तुकडा उरला होता, तो मात्र सुरीनं चिरून, वाटीत दाबून घेतला होता."

"आणि झकास जळते ती कुठली?"

धाकटी जरा थांबली. "लादीची," म्हणाली.

वईवर फळी टाकून आम्ही तिथंच काटा मांडला. तोलण्याआधी काटा तोलायचा हा मावशींचा कायदा. दहा रुपयांचं नाणं ठेवलं, पावणेआठच्या जवळपास यायला हवं, आठ दाखवलं. स्वयंपाकघरातला काटा एकेका ग्रॅमच्या उड्या मारतो, त्याच्याकडून एवढंच. मग मापातलं १०० मिली पाणी, ते १०० ग्रॅम भरलं. काटा पास झाला.

मग तिच्याच वाटीनं चार वाट्या फ्लेक्स पातेल्यात. आकडा आला ३०० ग्रॅम. तेच मेण वितळवून चार वाट्या मोजले असते तर ५०० च्या आसपास गेलं असतं, कारण फ्लेक्सच्या वाटीत बरीच हवा असते. मैत्रिणीनं वाट्या वितळलेल्या मेणाच्या मोजल्या होत्या, पण कागदावर ते लिहिलं नव्हतं. आठ चमचे म्हणजे ४० मिली, म्हणजे अदमासे ४० ग्रॅम. पाचशेला चाळीस हे ८ टक्के झाले. तीनशेला चाळीस म्हणजे १३ टक्क्यांच्या वर, आणि वरच्या दोन चमच्यांनी ते गेलं साडेसोळावर.

"सोयाच्या मेणात सहा ते दहा टक्के वास मावतो," मावशी म्हणाल्या. "कुठल्या मेणात किती, ते मेण विकणाऱ्याला विचारायचं. साधं कडक पॅराफिन तर तीनच्या आसपासच दमतं. वरचं जे घालशील ते मेणात राहत नाही, बाहेर येतं. तोच तुझा घाम."

"पण मावशी, वास जास्त घातला तर जास्त यायला नको का?"

हा प्रश्न सगळ्यांचाच असतो, म्हणून इथं मी मधे पडले. शिक्षिकेची सवय जात नाही. मेणबत्तीत मेण तसंच जळत नाही. ते वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. विझवल्यावर जो पांढरा धूर वर जातो ना, त्याच्या टोकाला काडी लावली तर ज्योत धुरावरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. मी दर वर्षी सातवीला करून दाखवायची. १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेनं मुलांसमोर एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली, त्यातही हा प्रयोग होता. तर सांगायचं हे, की सगळं त्या वातीतून वर जातं. सुगंध प्रमाणाबाहेर झाला की त्याचे जड घटक वातीत अडकतात, मेण वर चढेना होतं, ज्योत फडफडते, काजळी धरते, नाहीतर जीव सोडते. आणि खोलीत जो वास भरतो तो ज्योतीतून येत नाही, ज्योतीभोवती वितळलेल्या मेणाचं जे तळं होतं त्याच्यावरून उडून येतो. तळंच झालं नाही, तर खाली कितीही अत्तर ओता.

"म्हणजे माझं दोन चमचे वाढवणं..."

"उलटं पडलं," मावशींनी निकाल दिला.

एवढ्यात धाकटीच्या सासूबाई आल्या. त्या येणारच होत्या, तीन बायका वईशी उभ्या आणि आपण घरात, हे त्यांना सोसत नाही. आल्या आल्या म्हणाल्या, "मी पहिल्यापासून सांगतेय, बाटलीतला वास कशाला? आपल्या वाडीत मोगरा पडलाय टोपलीभर. टाका की मेणात!"

धाकटीनं मान खाली घातली. म्हणजे हाही प्रयोग होऊन गेला होता. गरम मेणात मोगरा टाकला, फुलातलं पाणी तडतडलं, फुलं तळून तपकिरी झाली आणि वास आला तो जळक्या पाचोळ्याचा. फुलाचा वास उष्णतेनं निघत नाही, निदान असा तरी नाही. चमेलीचं फुलेल करणारे तिळाचे आणि फुलांचे थर एकावर एक लावतात, फुलं कोमेजली की पुन्हा ताजी घालतात, आणि वास तिळात मुरला की मग तेल काढतात. त्याला वेळ लागतो, फुलं ढिगानं लागतात. वसईचा मोगरा आणि सोनचाफा पहाटे दादरच्या बाजाराला जातो तेच ठीक. आणि वाळलेल्या पाकळ्या वरून सजवून लावायची जी टूम आलीय, ती मला मुळीच पसंत नाही. पाकळी पेटते. शोभेची पाकळी म्हणजे दुसरी वात, तीही मोकाट सुटलेली.

सासूबाईंची दुसरी सूचना अगरबत्तीच्या सुगंधाची होती. पेठेत स्वस्त मिळतो म्हणे. मावशींनी तोही मोडीत काढला. अगरबत्तीचा सुगंध पातळ करायला त्यात डीईपी नावाचं द्रावक मिसळतात, ते काडीला ठीक, मेणाशी त्याचं नीट जमत नाही. सुगंध घेतानाच "मेणबत्तीला चालतो का" विचारायचं. अत्तराच्या कुपीचंही तेच, कुपीत पाया कसला आहे हे न कळता मेणात ओतायची नाही.

"आता खरं मोजायला घेऊ," मावशी म्हणाल्या. त्यांना उत्साह आला होता. मेणबत्ती हा त्यांच्या घरचा विषय. सप्टेंबरात वांद्र्याला मोत माउलीची जत्रा, तिथं मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाचं घरसुद्धा नवसाला मिळतं. दोन नोव्हेंबरला दफनभूमीत थडग्याथडग्यावर मेणबत्त्या. त्यांना वास कधीच नसतो. "देवाच्या मेणबत्तीला वास कशाला? वास माणसांना लागतो," असं त्या म्हणतात खऱ्या, पण धाकटीच्या बाटल्या एकेक करून हुंगल्या सगळ्या.

पहिली गोष्ट, जारात किती मावतं? धाकटी म्हणाली, "दोनशे मिलीचा जार आहे, म्हणजे दोनशे ग्रॅम." इथंच बहुतेकींचं चुकतं. मिली हे आकारमान, ग्रॅम हे वजन. पाण्यात दोन्ही एकच येतात म्हणून सगळं तसंच वाटतं. मेण पाण्याहून हलकं, थंड झालेलं मेण १०० मिलीला साधारण ९० ग्रॅम भरतं. जार काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला, जिथपर्यंत भरायचं त्या रेघेपर्यंत पाणी ओतलं: २०० ग्रॅम. त्याचे नव्वद टक्के, १८० ग्रॅम. एका जारात मेण आणि सुगंध मिळून एवढंच बसणार.

आता त्यातला सुगंध किती? धाकटीनं झटकन मोबाइल काढला, १८० चे ८ टक्के, १४.४.

"कशाचे आठ टक्के?" मावशींनी विचारलं.

या एका प्रश्नावर आमची दहा मिनिटं गेली, आणि ती जायलाच हवी होती. मेणबत्तीवाल्यांच्या बोलीत आठ टक्के म्हणजे मेणाच्या वजनाचे आठ टक्के. १०० ग्रॅम मेणाला ८ ग्रॅम सुगंध, एकूण १०८. म्हणून १८० ला १.०८ नं भागायचं. मेण आलं १६६.७ ग्रॅम, सुगंध १३.३. साठ जारांना गुणा: मेण बरोब्बर १० किलो, सुगंध ८०० ग्रॅम. आकडे इतके गोल आले की सासूबाईंना त्यात काहीतरी शुभ दिसलं. धाकटीच्या पद्धतीनं सुगंध ८६४ ग्रॅम लागला असता. चौसष्ट ग्रॅमचा फरक सुगंधाच्या पातळीला फारसा नाही, पण तिला सुगंध किलोला दोन हजारांनी पडतो, म्हणजे सव्वाशे रुपये फुकट. आणि उद्या दुसऱ्या कुणाकडून कृती घेतली, तिचे टक्के एकूण वजनाचे असले, तर पुन्हा गोंधळ. म्हणून कागदावर "मेणाच्या ८ टक्के" असं पूर्ण लिहायचं. मावशींनी तिच्याकडून लिहून घेतलं आणि खाली सही घेतली. आमचं हसू थांबेना, पण सही घेतलीच.

धाकटीचा बेत एकेका जारासाठी तोलायचा होता. सव्वातेरा ग्रॅम साठ वेळा. मावशींनी तेही नको म्हटलं. हा काटा ग्रॅमभर इकडे तिकडे होतो. तेरामध्ये एक ग्रॅम म्हणजे साडेसात टक्क्यांची चूक. तेच किलोभर मेणाला एकदम ८० ग्रॅम तोलले तर एका ग्रॅमची चूक सव्वा टक्क्यावर येते. शिवाय स्वस्तातल्या काट्यांची एक खोड आहे: थेंबथेंब घातलं की त्याला वाटतं काही झालंच नाही, आकडा हलतच नाही, आणि मग एकदम चार ग्रॅम जास्त झालेले असतात. धार लावून ओतायचं, शेवटचा थेंब तेवढा जपून. किलोकिलोचे दहा घाणे करायचे, पातेल्याला आणि पळीला चिकटून जाणारं मेण धरून पाव किलो वरचं हाताशी ठेवायचं. खरंच एकेक जार करायचा असेल तर सोनाराकडे असतो तसला दशांशाचा काटा घ्यावा.

सुगंध कशात तोलायचा हाही मुद्दा आहे. धाकटीनं पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात तोलला होता, त्या ग्लासाला चिरा गेल्या होत्या. काच किंवा स्टील, दुसरं काही नको. डबा काट्यावर, काटा शून्यावर, मग ओतायचं. बाटलीवरची मिलीची रेघ इथं कामाची नाही, कारण कुठला सुगंध पाण्याहून जड, कुठला हलका. लिंबाच्या जातीचे हलके वाटले.

तापमान मी पटकन सांगते. पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं पातेलं, थेट आचेवर कधीच नाही. सोया साधारण ८० अंशांवर असताना सुगंध घालायचा, दोन मिनिटं सावकाश ढवळायचं, तळ खरवडत. साठाच्या जवळपास आलं की ओतायचं. अंदाजानं नाही, थर्मामीटर लावून. आणि चुकून मेण पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, झाकण घालायचं आणि गॅस बंद. एक अजून: उरलेलं मेण मोरीत ओतायचं नाही. धाकटीच्या मोरीची कथा सासूबाईंनी सविस्तर सांगितली, ती मी इथं सांगत नाही. प्लंबर अजून हसतोय एवढंच.

आता वात. माझं ठाम मत आहे, की सुगंधाइतकाच पैसा आणि वेळ वातीवर घालवावा. वात बारीक असेल तर मधे बोगदा पडतो आणि कडेचं मेण तसंच राहतं. जाड असेल तर काजळी आणि तापलेला जार. धाकटीचा जार सात सेंटिमीटर रुंदीचा. पहिल्यांदा पेटवली की इंचाला तास या हिशेबानं तीनेक तासांत मेणाचं तळं कडेला टेकायला हवं. वात पाव इंचाची ठेवून कापायची. तिनं तीन जाडीच्या वाती आणल्या होत्या, पण तपासून बघितली होती एकच. मग मधल्या आणि जाड वातीचाही एकेक जार करायचं ठरलं.

"पण मावशी, डोळ्यांनी बघून एवढं चुकतं माझं," धाकटी जरा रुसून म्हणाली. "महाबळेश्वरचे भावेश भाटिया आठवले. त्यांना तर दिसतही नाही, तरी एवढा मोठा कारखाना उभा केला."

"त्यांनी हातगाडीवर मेणबत्त्या विकून सुरुवात केली," मी म्हटलं. "१९९४ पासून सनराइज कँडल्स चाललीय. शेकड्यानं दृष्टिहीन माणसं तिथं काम शिकली. तू रुसू नकोस, तू फक्त वाटी सोड."

सासूबाईंना मधे एक शंका सुचली, आणि ती चांगली होती म्हणून सांगते. "एवढे चमचे घातले, तरी काल केलेलीला वास कमी का आला?" कारण ती कालची होती. सोयाच्या मेणात सुगंध मुरायला वेळ लागतो, काहीजण आठवडा म्हणतात, जरा चोखंदळ असले तर दोन आठवडे. पॅराफिनला दोन-तीन दिवस पुरतात. थंड झाल्याझाल्या पेटवून "वास नाही" म्हणायचं आणि पुढच्या घाण्यात दोन चमचे वाढवायचे, इथूनच सगळा घोटाळा सुरू होतो. साखरपुडा तीन आठवड्यांवर आहे, म्हणजे साठही जार या आठवड्यातच ओतून झाकण लावून ठेवायला हवेत. सासूबाईंनी लगेच कपाटातला वरचा खण रिकामा करायचं कबूल केलं. दिवाळीच्या कंदिलांची खोकी तिथून कुठं जाणार, यावर मात्र सासू-सुनेत एकमत झालेलं नाही.

शेवटी भाव. धाकटीनं एका जाराला दीडशे सांगितलेत. मावशींनी तिथंच हिशेब केला: सुगंधच जाराला सत्तावीस रुपयांचा, जुन्या पद्धतीनं तो दुपटीच्या जवळ गेला असता, त्यावर मेण, वात, जार, झाकण, गॅस, आणि वाया गेलेले नमुने. "आणि तुझी मजुरी?" धाकटी गप्प. मजुरी तिनं धरलीच नव्हती. माझ्या मते घरच्या बायकांच्या धंद्यात सुगंधाच्या टक्क्यांइतकी ही चूकही सर्रास होते, आणि ती काट्यावर दिसत नाही. पुढच्या ऑर्डरपासून एकशेऐंशी, असं वईवरच ठरलं. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण नाही म्हणाल्या नाहीत.

तुमच्याकडे कुणी घरची सुगंधी मेणबत्ती विकायला आणली तर झाकण उघडून, नाकाशी धरून भाव पाडू नका. थंड मेणाचा वास वेगळा आणि पेटल्यावर खोलीत येतो तो वेगळा. एक पेटवून दाखवायला सांगा, कडेपर्यंत तळं होतंय का बघा, वर तेल सुटलंय का बघा, मग बोला. धाकटीकडची मुरलेली मेणबत्ती दोन आठवड्यांनी बघायला मिळेल. संध्याकाळी सहानंतर या, आणि पुढच्या फाटकानं या. वईतून उडी मारून आलात तर मावशींची जास्वंद मोडते.